पीएल ५०४ देणाऱ्या नानांचे जाहीर आभार

आदरणीय नाना,
सप्रेम नमस्कार.

पत्र मुद्दाम जाहीर लिहितोय. तुमच्या दुकानातून जे मिळालं, ते जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या आणखी कुणा हौशी हाताला उपयोगी पडावं, एवढीच इच्छा. अमळनेरच्या माळ्यावरून तुम्ही उतरवून दिलेले पीएल ५०४ व्हॉल्व्ह (जुन्या टीव्हीतल्या काचेच्या व्हॅक्यूम नळ्या), त्यांचे नऊ पिनांचे मॅग्नोव्हल सॉकेट, जुन्या व्हॉल्व्ह रेडिओचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि तुमचा सल्ला, एवढ्या भांडवलावर प्लाझ्मा स्पीकर उभा राहिला. टंगस्टनच्या टोकावर सेंटिमीटरभर जांभळट ज्योत असते आणि टाळ-झांजांचा आवाज थेट त्या ज्योतीतून येतो. कोन नाही, व्हॉइस कॉइल नाही, हलणारा कुठलाच भाग नाही.

तत्त्व जुनं आहे. विल्यम डडेल यांनी १९०० साली इंग्लंडमध्ये विजेच्या आर्कमधून सूर काढून दाखवले. दुसऱ्या महायुद्धानंतर क्लाइन यांचा आयोनोफोन आला, पुढे जर्मनीच्या मॅग्नाट कंपनीने २७ मेगाहर्ट्झवर चालणारा ट्वीटर बाजारात आणला. घरी करायचा तो याच पद्धतीचा. व्हॉल्व्हचा ऑसिलेटर, म्हणजे वेगाने उलटसुलट होणारी वीज तयार करणारी जोडणी, २७ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो, कॉइलच्या वरच्या टोकाला इतकं व्होल्टेज चढतं की तिथली हवा पेटलेली राहते, आणि ऑडिओने ऑसिलेटरची ताकद कमीजास्त केली की ज्योतीची उष्णता बदलते, हवा फुगते-आकसते, आवाज होतो.

नाना, पहिले आभार व्हॉल्व्ह निवडून दिल्याबद्दल. आपल्याकडच्या ब्लॅक अँड व्हाइट हायब्रिड (अर्धे व्हॉल्व्ह, अर्धे ट्रान्झिस्टर) टीव्हीत लाइन आउटपुटला, म्हणजे चित्राच्या आडव्या रेषा काढणाऱ्या भागात, पीएल ५०४ असायचा, म्हणून तोच अजून माळ्यामाळ्यावर सापडतो. काचेच्या आतला चंदेरी डाग पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली, तो बाद. चालू असताना काचेच्या आतल्या बाजूला निळसर झाक दिसली तर घाबरायचं कारण नाही. पण प्लेट (आतला सगळ्यात बाहेरचा धातूचा पत्रा) आणि ग्रिड (त्याच्या आतली तारांची जाळी) यांच्या मधोमध जांभळा उजेड दिसला तर व्हॉल्व्ह गॅसी झाला. हे दोन्ही फरक तुम्ही प्रत्यक्ष व्हॉल्व्ह समोर धरून दाखवलेत.

पीएल ५०४ चा हीटर २७ व्होल्ट, ०.३ अँपिअर. टीव्हीत सगळे हीटर सिरीजमध्ये थेट मेन्सवर असायचे आणि त्यामुळे चेसिसच गरम, म्हणजे फेजवर असू शकायची. "भो, चेसिसले आधी टेस्टर लाव, मग हात," हे तुमचं वाक्य आता वर्कबेंचच्या वर भिंतीवर लिहिलेलं आहे. टीव्हीची ती जोडणी इथे अजिबात वापरायची नाही. वाइंडिंगवाल्याकडून वेगळा ट्रान्सफॉर्मर भरून घ्यायचा: एक सेकंडरी २८० व्होल्ट ३०० मिलिअँपिअर, दुसरी हीटरसाठी २४-२७-३० व्होल्ट अशा टॅपची, म्हणजे मधून काढलेल्या टोकांची. टॅप घ्यायला तुम्हीच सांगितलंत. आपल्याकडे संध्याकाळी लाइन २०० वर येते आणि रात्री लोड उतरला की २५० वर जाते. हीटरचं व्होल्टेज दहा टक्क्यांच्या आत ठेवायचं तर टॅप बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

त्याच कारणाने फिल्टर कंडेन्सरही. २८० व्होल्टला ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड) लावला की सुमारे ३९५ व्होल्ट डीसी मिळतात. रात्री लाइन २५० झाली की तेच ४३० होतात, आणि व्हॉल्व्ह अजून थंड असेल तर लोड नसल्यामुळे त्याहून वर. ४५० व्होल्टचा एकटा कंडेन्सर तिथे फुगतो. २२० मायक्रोफॅरड ३५० व्होल्टचे दोन सिरीजमध्ये आणि प्रत्येकावर १०० किलोओहम २ वॅट, अशी जोडणी सुरक्षित. तोच रेझिस्टन्स बंद केल्यावर साठलेला चार्जही उतरवतो. मिनिटभरात व्होल्टेज प्रत्येक कंडेन्सरवर १५ आणि दोन्ही मिळून ३० च्या खाली येतं. त्यानंतरही १ किलोओहम १० वॅटचा रेझिस्टन्स काठीला बांधून टेकवायचा आणि मीटरने बघायचं. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करायचं नाही, यावर तुमचा कटाक्ष होता, तो रास्तच आहे. स्मूदिंगला ट्यूबलाइटचा जुना तांब्याचा चोक लावायची सूचनाही तुमची. तो नसेल तर १०० हर्ट्झच्या हमचे वरचे हार्मोनिक ज्योतीतून गुणगुणत राहतात.

आता कॉइल, कारण सगळ्यात जास्त जण इथेच अडकतात. जळगाव भागात पीव्हीसी पाइप पावलोपावली मिळतो, म्हणून फॉर्मर, म्हणजे कॉइल गुंडाळायचा साचा, म्हणून हात आधी तिकडेच जातो. २७ मेगाहर्ट्झवर पीव्हीसी आतून तापतं, मऊ पडतं आणि शेवटी काळा पट्टा पडून तिथूनच आर्क चालू होतो. टेफ्लॉनचा रॉड घ्यायचा, किंवा २ मिमीची जाड तार स्वतःच्या ताठरपणावर उभी ठेवायची. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात इनॅमल तार वजनावर मिळते. ३० मिमी व्यासावर १६ फेरे, ५० मिमी लांबीत पसरलेले. याचं इंडक्टन्स साधारण ३.७ मायक्रोहेन्री भरतं आणि ८ ते १० पिकोफॅरड स्ट्रे (जोडणीत आपोआप येणारी कपॅसिटी) धरले तर २६ ते २९ मेगाहर्ट्झ मिळतात. थंड टोकाकडून चौथ्या-पाचव्या फेऱ्यावर प्लेटचा टॅप, आणि थंड टोकाशीच ग्रिडची ३ फेऱ्यांची फीडबॅक कॉइल. ऑसिलेशन झालं नाही तर आधी या छोट्या कॉइलची टोकं उलटी करून बघावीत. बहुतेक वेळा दोष तेवढाच असतो.

प्लेटला डीसी देणारा चोक वेगळा. २७ मेगाहर्ट्झची पाव तरंगलांबी सुमारे २.८ मीटर, तेवढी ०.३ मिमी तार १२ मिमीच्या टेफ्लॉन रॉडवर गुंडाळली की ७०-७५ फेरे होतात, सुरुवातीला हे माप पुरतं. प्लेट आणि टॅपच्या मध्ये १ नॅनोफॅरड ३ किलोव्होल्टचा कंडेन्सर. साधा तपकिरी डिस्क सिरॅमिक इथे काही मिनिटांत तापून तडकतो. मायका किंवा एनपीओ (तापमानाने न बदलणाऱ्या सिरॅमिक) जातीचाच हवा, एक न मिळाल्यास लहान लहान पॅरलल लावावेत. ग्रिडला १५ किलोओहम ५ वॅट, पण वायरवाउंड नको, त्याचं स्वतःचं इंडक्टन्स आडवं येतं. सॉकेटच्या पिनला चिकटून ४७ ओहम.

ग्रिड लीकवरचं, म्हणजे त्याच १५ किलोओहमवरचं, निगेटिव्ह व्होल्टेज म्हणजे ऑसिलेटरची नाडी. ५० ते ८० व्होल्ट दिसले तर तो चालू आहे. शून्य दिसलं तर बायस (करंटला लगाम घालणारं हे निगेटिव्ह व्होल्टेज) गेला, करंट बेफाम वाढतो आणि प्लेट लाल होते. म्हणून एचटीमध्ये (प्लेटला जाणाऱ्या त्या ३९५ व्होल्ट डीसीमध्ये) २५० मिलिअँपिअरचा फास्ट फ्यूज आणि कॅथोडला (तापून इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाला) १० ओहम. कॅथोडवर ०.९ व्होल्ट म्हणजे ९० मिलिअँपिअर. पीएल ५०४ च्या प्लेटची मर्यादा १६ वॅट आहे, त्यामुळे याहून पुढे जाऊ नये. मोठी ज्योत हवी असेल तर ईएल ५१९ घ्यावा: ६.३ व्होल्ट २ अँपिअरचा हीटर, ३५ वॅटची प्लेट, बेस तोच. हे मोजताना डिजिटल मीटर आरएफमध्ये (रेडिओ लहरींत) वेडेवाकडे आकडे दाखवतो. तुमचा जुना काट्याचा मीटर, टर्मिनलवर १ नॅनोफॅरड लावून, खरं बोलतो.

मॉड्युलेशनसाठी, म्हणजे ऑडिओने ऑसिलेटरची ताकद कमीजास्त करायला, तुम्ही दिलेला आउटपुट ट्रान्सफॉर्मर उलटा वापरला आहे, आणि ही युक्ती खास तुमची म्हणून इथे नीट लिहितो. ५ किलोओहम ते ८ ओहमचा ट्रान्सफॉर्मर म्हणजे सुमारे २५ पट. स्क्रीन ग्रिड (व्हॉल्व्हमधली दुसरी जाळी) १३० व्होल्टवर ठेवून वरखाली ७० व्होल्ट हलवायचा तर ८ ओहमच्या बाजूला शिखराला २.८, म्हणजे २ व्होल्ट आरएमएस, म्हणजे अर्धा वॅट ऑडिओ पुरे. स्क्रीनचा पुरवठा त्याच एचटीतून १५ किलोओहम १० वॅटमधून घ्यायचा, म्हणजे प्लेटची वीज गेली की स्क्रीनचीही जाते. नुसती स्क्रीन चालू राहिली तर ती जळते. रेझिस्टन्स आणि ट्रान्सफॉर्मर जिथे मिळतात तिथे १० मायक्रोफॅरड (इथेही ४५० व्होल्टचा एकटा नको), आणि स्क्रीनच्या पिनवर फक्त ४७० पिकोफॅरड. पिनवर ०.१ मायक्रोफॅरड लावला तर २० किलोहर्ट्झला तो ८० ओहम होतो आणि सगळा ट्रेबल जमिनीत. ज्योत छान, आवाज मात्र बोथट, अशी तक्रार असेल तर हा एक कंडेन्सर बघावा. रेडिओचा ट्रान्सफॉर्मर स्वतःही अगदी वरच्या टोकाला पडतो. तिथे ईएल ८४ या लहान व्हॉल्व्हचा कॅथोड फॉलोअर (ट्रान्सफॉर्मरशिवाय सिग्नल पुढे देणारी जोडणी) सरस ठरतो, पण पहिल्या जोडणीला ट्रान्सफॉर्मर सोपा आणि ऑडिओची बाजू एचटीपासून वेगळी ठेवणारा.

खालचे सूर ज्योतीला द्यायचेच नाहीत. तिचं आकारमान इतकं लहान की ३-४ किलोहर्ट्झखाली आवाज निघत नाही, उलट ज्योत फडफडून विझते. ट्रान्सफॉर्मरच्या आधी ४.७ मायक्रोफॅरड लावला की ८ ओहमवर ४.२ किलोहर्ट्झला कट मिळतो. बाकीचा तबला-ढोलकी साध्या स्पीकरवर.

टोकाला टंगस्टन हवा, तांबं वितळतं. एमआयडीसीतल्या टिग वेल्डिंगवाल्यांकडे १.६ मिमीची कांडी मिळते. लाल टोकाची घेऊ नये, तिच्यात किरणोत्सारी थोरियम असतो आणि घासताना धूळ श्वासावाटे आत जाते. ज्योत आपोआप पेटत नाही. काचेच्या कांडीच्या टोकाला टंगस्टनचा लहान तुकडा बसवून स्पर्श करायचा. बोट लागलं तर झटका जाणवत नाही, पण आत खोलवर भाजतं आणि ती जखम भरायला फार वेळ लागते. सगळ्यांना हे दोनदा सांगावं.

भोवती बारीक तांब्याची किंवा लोखंडी जाळी, चांगल्या अर्थिंगला जोडलेली. २७.१२ मेगाहर्ट्झ ही औद्योगिक वापराची वारंवारता असली तरी असा मोकळा ऑसिलेटर तिथे स्थिर राहत नाही, ज्योत पेटताच खाली सरकतो; जाळीशिवाय शेजारच्या रेडिओ-टीव्हीवर खरखर येणारच. पेसमेकर असलेल्या माणसाला जवळ बसवू नये. ओझोन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात, तेव्हा खिडकी उघडी, एक्झॉस्ट चालू. आपल्याकडे मे महिन्यात कूलरशिवाय बसवत नाही, पण कूलरचा झोत ज्योतीवर आला की सूं-सूं आवाज येतो आणि ती डुलते. कूलरचं तोंड दुसरीकडे वळवावं. पारा ४५ वर असताना व्हॉल्व्हभोवती चार बोटं मोकळी जागा आणि सावकाश फिरणारा पंखा हवाच.

नाना, यातली कितीतरी मापं दुसरीकडूनही मिळाली असती. पण कोणत्या गोष्टीला आधी हात लावायचा आणि कोणत्या गोष्टीला कधीच नाही, हा क्रम तुमच्याकडूनच आला. हीटर आधी, मिनिटभराने एचटी. एक हात पाठीमागे. फ्यूज उडाला तर मोठा न टाकता कारण शोधायचं. दुकानात गिऱ्हाईक खोळंबलेलं असताना तुम्ही हे सगळं न कंटाळता समजावलंत आणि व्हॉल्व्हचे पैसेही घेतले नाहीत. त्याबद्दल मनापासून आभार.

उरलेले दोन मॅग्नोव्हल सॉकेट आणि तुमचा काट्याचा मीटर पुढच्या बाजारच्या दिवशी परत पोचवतो. सोबत पूर्ण जोडणीचा नकाशा मोठ्या अक्षरात काढून आणतो, तो दुकानात लावा. चोपड्याची दोन पोरं याच कामासाठी तुमच्याकडे येणार आहेत.

तुमचे,
जळगाव जिल्ह्यातले व्हॉल्व्हवेडे