यमाच्या कचेरीत दोन रेघा

चेंगदू (चीन), रविवार

ती. आई-बाबांना सा. न.

आज इथल्या संग्रहालयात चामड्याच्या बाहुल्या बघून आले. आपल्या पिंगुळीला ठाकर मंडळी पडद्यामागून नाचवतात ना, त्याच जातीच्या. गाईचं कातडं इतकं तासलेलं की मागून दिवा लावला की लाल-हिरवा रंग पाझरतो. मुंडकं वेगळं, गळपट्टीत खोचायचं. खेळ संपला की काढून ठेवतात, नाहीतर रात्री बाहुल्या जिवंत होतात म्हणे!

मी अडकले ती नरकाच्या कपाटापाशी. दोन फळ्यांत आवळलेला माणूस, वर करवत, दोन्हीकडून ओढणारी दोन भुतं. आई, तुझं गरुडपुराण आठवलं. यमही आपलाच, बौद्ध धर्माबरोबर इकडे आलेला. चिनी भाषेत ‘यानलुओ’. रेडा मात्र वाटेत कुठेतरी राहिला. इथे तो डोक्यावर अधिकाऱ्याची टोपी घालून मेजामागे बसतो, आणि तोही एकटा नाही. दहा दरबार, दहा राजे, आपला यम त्यात पाचवा. हाताखाली बैलतोंड्या आणि घोडतोंड्या शिपाई. बाबा, हुबेहूब तुमची तहसील कचेरी!

आणि कारभारही तसाच. ‘पश्चिमेची यात्रा’ या जुन्या कादंबरीत थांग घराण्याचा सम्राट ताइचोंग मरून खाली जातो. तिथला कारकून त्याच्या वडिलांचा जुना दरबारी. वही उघडतो तर राजाच्या कारकिर्दीच्या १३व्या वर्षी मरण लिहिलेलं. चिनीत एक म्हणजे एक आडवी रेघ, तीन म्हणजे तीन. पठ्ठ्याने गुपचूप दोन रेघा ओढल्या, १३चे झाले ३३! राजाला वीस वर्षं वाढवून मिळाली आणि यमाला पत्ता नाही. मला इतकं हसू आलं की शेजारच्या आजी बघायला लागल्या.

शेवटी एक पूल लागतो आणि मंग नावाची म्हातारी. पुन्हा जन्माला जायच्या आधी ती सूप पाजते, मग मागचं काही आठवत नाही.

बाबा, तुम्ही ते सूप आत्तापासूनच पिताय असं आई फोनवर सांगत होती. रक्तदाबाची गोळी घेतली की कॅलेंडरवर एक रेघ ओढत जा. एकच हं, वरच्या दोन नंतर ओढायच्या नाहीत. आई, तू तपास.

तुमची,
छकुली