'रिकामी' डिस्क भंगारात देण्याआधी

महोदय,

आपल्या दैनिकातलं ई-कचरा संकलनाचं आवाहन वाचून आमच्या ओळखीच्या एका संस्थेने कपाटावरची सन कंपनीची जुनी स्पार्कस्टेशनं (युनिक्सवर चालणारी संगणकयंत्रं) खाली काढली. तिथल्या मुलाने एकाची डिस्क पीसीला जोडली. 'इनिशियलाइज (नव्याने वापरासाठी तयार) करू का?' असं विंडोजने विचारलं, त्याने होय म्हटलं आणि डेडस्टॉक रजिस्टरात शेरा पडला : 'डिस्क रिकामी'. मी पोचलो तेव्हा डिस्क भंगारवाल्याच्या पोत्यात होती.

ती रिकामी नव्हती. पीसी डिस्कच्या पहिल्या सेक्टरच्या (साठवणीच्या छोट्या कप्प्याच्या) शेवटच्या दोन बाइटांत ५५एए ही खूण शोधतो. सनच्या डिस्कवर त्याच ५१२ बाइटांच्या सेक्टरात लेबल, म्हणजे डिस्कच्या विभागणीचा तक्ता, असतं आणि त्याच्या शेवटी डीएबीई हा मॅजिक नंबर (ओळखीची खूण) व चेकसम (पडताळणीचा आकडा). पीसीला ओळखीची खूण दिसत नाही, म्हणून तो डिस्क कोरी समजतो. 'होय' म्हटलं की लेबलावर नवी खूण बसते. कोणती स्लाइस (डिस्कचा विभाग) कुठल्या सिलिंडरपासून (डिस्कवरच्या वर्तुळाकार पट्ट्यांच्या गटापासून) सुरू होते, हे लेबलातच लिहिलेलं असतं. फायली मात्र जागच्या हलत नाहीत. सातबारा फाटला तरी शेत बांधाबाहेर जात नाही, तसंच हे.

हे मी अनुभवाने शिकलो, आणि तोही स्वतःच्या चुकीचा. १९९६ साली एका कॉलेजच्या संगणक केंद्रात मी दुसऱ्या डिस्कची स्लाइस ० डेटाबेसला कच्ची, म्हणजे फाइल सिस्टिमशिवाय दिली. ती सिलिंडर शून्यापासून सुरू होत होती. युएफएस ही सनची फाइल सिस्टिम (फायली मांडण्याची व्यवस्था) सुरुवातीच्या ८ किलोबाइटांना हात लावत नाही. आमच्या डेटाबेसने तेवढी सभ्यता पाळली नाही, थेट लेबलावरच लिहिलं. कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) मेमरीत लेबलाची प्रत असल्याने तीन आठवडे कुणाला पत्ता नव्हता. मग वीज गेली. यंत्र पुन्हा सुरू झालं आणि पडद्यावर आलं : लेबल खराब, मॅजिक नंबर चुकीचा.

वाचवलं ते एका कागदाने. पीआरटीव्हीटॉक या लेबल दाखवणाऱ्या आज्ञेची छापील यादी आमच्या साहेबांनी सक्तीने रजिस्टरात चिकटवायला लावली होती (तेव्हा मी मनात हसलो होतो). तेच आकडे फॉरमॅट या डिस्क मांडण्याच्या प्रोग्राममध्ये भरले, लेबल पुन्हा लिहिलं, आणि स्लाइस ६ वरची मुलांची प्रोजेक्टं जशीच्या तशी मिळाली. डेटाबेस टेपवरून आणावा लागला. पुढे कळलं, लेबलाच्या जादा प्रती डिस्कच्या शेवटच्या सिलिंडरांत असतात आणि फॉरमॅटची 'बॅकअप' ही आज्ञा त्या शोधते. त्या रात्री हे ठाऊक असतं तर घामाचा एक शर्ट वाचला असता.

म्हणून विनंती अशी, की पुढच्या आवाहनात दोन ओळी वाढवाव्यात. जुन्या युनिक्स यंत्राची डिस्क विंडोजला जोडू नये. लिनक्सवर डीडी या आज्ञेने तिची पूर्ण प्रतिमा (जशीच्या तशी नक्कल) आधी काढावी. लिनक्सला सनचं लेबल कळतं आणि युएफएस नुसतं वाचण्यापुरतं जोडताही येतं. नंतर डिस्क भंगारातच द्यायची असेल तर पहिल्या सेक्टरापासून शेवटच्यापर्यंत शून्यं भरूनच द्यावी. त्या पोत्यातल्या डिस्कवर कुणाचे पगार, कुणाचे गुण होते, कोण जाणे. आता ते कुणीही वाचू शकतं.

अशा जुन्या डिस्क जोडायची ५० पिनांची स्कझी केबल आणि तिचं एक चालू कार्ड माझ्याकडे अजून आहे. संस्थांनी निःसंकोच मागावं.

— एक निवृत्त सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, पुणे