पन्हाळ्यावर माणसं राहतात

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला पन्हाळगडावरचा लेख काल वाचला. राग निवळावा म्हणून एक रात्र जाऊ दिली. निवळला नाही, म्हणून लिहिते आहे.

लेखात बुरूज आहेत, तटबंदी आहे, धुकं तर पानभर आहे. गडावर राहणाऱ्यांना मात्र दीड वाक्य मिळालं. वस्ती तुरळक आहे आणि ती अतिक्रमण करत सुटली आहे, असं आपल्या लेखकांनी एका दमात लिहून टाकलं. तुरळक वस्ती आणि वाढतं अतिक्रमण या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या असतील, हे त्यांना कुणी विचारलं नाही का?

मी गडावरच्या शाळेत शिकवत होते आणि २०११ च्या जनगणनेत प्रगणक होते. ९ ते २८ फेब्रुवारी, शाळा सुटली की खांद्याला पिशवी अडकवून घरोघर फिरायचे. आमच्या गावाची लोकसंख्या ३,१२१ भरली. त्याआधी २००१ साली ती ३,४५० होती. तालुक्याचं ठिकाण, तहसील कचेरी इथं, कोर्ट इथं, कोल्हापूर जेमतेम वीस किलोमीटरवर, आणि तरी दहा वर्षांत गाव ३२९ माणसांनी घटलं. याला वाढतं अतिक्रमण म्हणतात का?

त्या फेरीतलं एक घर मी विसरलेले नाही. पूर्वीपासून गडकऱ्यांचं, म्हणजे गडाची पिढीजात राखण करणाऱ्यांचं घर. ओसरीवर आजोबा बसलेले. नावं सांगायला लागले ती तिन्ही मुलांची. एक इचलकरंजीत मागावर, एक शिरोलीच्या फौंड्रीत, धाकटा पुण्याला. मी म्हटलं, "आजोबा, इथं राहतात त्यांचीच नावं लिहायची आहेत." ते उठून आत गेले आणि मला माळ्यावरच्या वळकट्या दाखवल्या. "ही बघा त्यांची अंथरुणं. अंथरुण हितं हाय म्हंजे माणूस हितलाच न्हवं का, बाई?" मी नावं लिहिली नाहीत. नियम नेहमीच्या रहिवाशांचा होता आणि मी तो पाळला. त्या घरात दोनच माणसं नोंदली गेली, म्हातारा आणि म्हातारी. मी उठले तेव्हा आजोबा माझ्याशी बोलले नाहीत.

तेव्हा मला ते हट्टी वाटले होते. आता माझ्यावरच ती पाळी आली आहे.

ऑगस्ट २०१९ च्या पावसात आमच्या स्वयंपाकघराची मागची भिंत बसली. जांभ्याची, मातीत रचलेली, सासऱ्यांच्या वडिलांच्या काळातली भिंत. आमचं घर संरक्षित वास्तूपासून शंभर मीटरच्या आत येतं. २०१० च्या कायद्यानं तिथं नवं बांधकाम बंद आहे, त्यापुढच्या दोनशे मीटरांत परवानगी लागते. दुरुस्तीला मनाई नाही, पण तिलाही परवानगी हवी. कायदा मला मान्य आहे. तो नसता तर गडाच्या ‘तीन दरवाजा’ या जुन्या प्रवेशद्वाराला टेकून एव्हाना हॉटेलं उभी राहिली असती, हे मी स्वतः मुलांना शिकवलं आहे. म्हणून रीतसर अर्ज केला. मिळकत पत्रिका दिली, नकाशा दिला, पडलेल्या भिंतीचे फोटो दिले. कागद तीनदा परत आले. एकदा फोटो जुने झाले म्हणून. भिंत पडून वर्ष झालं होतं, मग फोटो जुने होणार नाहीत तर काय! कार्यालयाचं नाव लिहीत नाही, कारण तिथले कारकून बिचारे बदलत राहतात आणि प्रत्येक नवा माणूस पहिल्यापासून सगळं विचारतो. मधल्या काळात जुलै २०२१ मध्ये गडाचा मुख्य रस्ताच खचला. गाडी वर येईना, तेव्हा भाजी-किराणा पाठीवर घेऊन आम्ही चढलो. ताडपत्रीखाली तीन पावसाळे स्वयंपाक केला. इथला पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो. चूल पेटवावी तर सरपण ओलं, गॅस लावावा तर वाऱ्यानं विझतो.

परवानगी आली, तोवर मुलाचं लग्न झालं होतं. सुनेला कुठे ठेवायचं, ताडपत्रीखाली? त्यानं कोल्हापुरात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. आता नातू तिथल्याच बालवाडीत जातो. पुढची गणना १ मार्च २०२७ च्या संदर्भानं होणार आहे. प्रगणक माझ्याकडे येईल आणि 'एक' लिहून जाईल. गाव असं रिकामं होतं.

आपल्या लेखकांना वस्ती गडावर नंतर येऊन बसल्यासारखी वाटते. त्यांनी अंबरखाना नीट पाहायला हवा होता. गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन कोठारं, त्यातल्या एकट्या गंगेत २५,००० खंडी धान्य मावायचं असं सांगतात. ते धान्य खायला माणसं होती. १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा पडला, तेव्हा महाराजांबरोबर गडानं चार महिने काढले ते याच पठारावर. ताराराणींनी इथून राज्य केलं आणि १७८२ पर्यंत कोल्हापूरची राजधानी इथंच होती. कवी मोरोपंत १७२९ साली इथंच जन्मले. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनी गडाचा ‘चार दरवाजा’ हा प्रवेश पाडला, तो इथली माणसं उठली म्हणून. भोवतीच्या मुलखापेक्षा सुमारे चारशे मीटर उंच, सात किलोमीटर तट, आत पेठा, विहिरी, तळी. हा गड बांधतानाच गाव म्हणून बांधला आहे. वर पाणी आहे म्हणून माणूस आहे. अंधारबाव ही विहीर तीन मजली खोदली ती कुणासाठी?

जुलै २०२५ मध्ये बारा किल्ल्यांना जागतिक वारसा दर्जा मिळाला आणि पन्हाळा त्यात आला, तेव्हा आम्हीही साखर वाटली. शेजारच्या काकूंनी साखर हातात घेतली आणि लगेच विचारलं, "आता आपल्याला उठवणार का गं?" मला उत्तर देता आलं नाही. आपल्यासारख्या मोठ्या दैनिकात 'अतिक्रमण' हा शब्द छापून येतो, तेव्हा या काकूंची त्या रात्रीची झोप जाते, एवढं तरी ध्यानात घ्या.

आणि फोटोबद्दल. तीन दरवाजाचा अर्ध्या पानाचा रंगीत फोटो, त्यात एकही माणूस नाही. आसपासच्या वाड्यांवरून पहाटे भाकऱ्यांचं पीठ डोक्यावर घेऊन चढणाऱ्या, दिवसभर झुणका-भाकर विकणाऱ्या बायका त्यात नाहीत. शनिवारी रात्री पुसाटी बुरुजावर बाटल्या फोडून, मोटारसायकली पिंगवत जाणारी मंडळीही नाहीत. रविवारी सकाळी त्या काचा कोण वेचतं, ते विचारायला एकदा माणूस पाठवा. आम्हीच वेचतो.

पुढच्या रविवारी चौकटीत इतकंच छापा, की २००१ ते २०११ या काळात पन्हाळ्याची लोकसंख्या ३,४५० वरून ३,१२१ झाली. आकडे सरकारी आहेत, तपासून घ्या. लेखक पुन्हा गडावर येणार असतील तर माझ्याकडे उतरावं. भिंत आता उभी आहे, खोली रिकामी आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
पन्हाळा, जि. कोल्हापूर