डॉक्टरकाका, 'येस सर' म्हणणारी पोरगी बोलतेय

आदरणीय डॉक्टरकाका,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "तुह्या बाबाची तूर सोंगून झाली का?" विचारून विषय बदलता. म्हणून आता सगळ्यांदेखत लिहिते.

इंटर्नशिपसाठी यवतमाळ जिल्ह्यातल्या आपल्या गावच्या आरोग्य केंद्रात आले, तेव्हा जेव्हीपी, म्हणजे मानेतल्या शिरेत दिसणारी हृदयाच्या दाबाची हालचाल, माझ्यासाठी वहीतला आलेख होता. ए, सी, व्ही हे उंचवटे. एक्स, वाय हे उतार. खऱ्या माणसाच्या मानेत मला कधी काही दिसलं नव्हतं. राउंडला "दिसतंय का?" विचारलं की मी बिनधास्त "येस सर" म्हणायचे.

त्या मंगळवारी बाजाराच्या पिशवीसकट तुम्ही सवयीने डोकावलात. खाटेवर एक आजी, पायांवर सूज, चार पावलांत धाप. लाइट गेलेली. "काय दिसते?" म्हणालात. मी गप्प. तुम्ही पिशवी खाली ठेवली आणि शेजारच्या खाटेवर स्वतःच आडवे झालात! पाठीशी दुमडलेल्या गोधड्या, साधारण 45 अंशांचा उतार, तोंड किंचित डावीकडे, टॉर्च तिरपा.

"हाताले लागते ते धमनी, डोयाले दिसते ते शीर. उंचवटे सोड. मान आत केव्हा जाते ते पाह्य."

माझं बोट तुमच्या गळ्यातल्या डाव्या धमनीवर, नजर उजवीकडे. ठोका लागला की मान आत ओढली जायची. हा एक्स: हृदयाचा वरचा कप्पा सैल पडतो आणि आकसणारा खालचा कप्पा त्याचा तळ खाली खेचतो. मग त्या दोन कप्प्यांमधली झडप बंद असेतो मागे रक्त साचतं, तो व्ही. झडप उघडली की ते खाली उतरतं, तो वाय. पाटाचं दार बंद केलं की मागे पाणी तुंबतं, तसंच की हे! पाच वर्षं मी डोंगर शोधत होते, दिसत होत्या त्या दऱ्या.

मग आजींकडे वळलो. ठोक्याला मान आत जायला हवी, ती फुगत होती. लाटेचं टोक जबड्याआड जात होतं, म्हणून त्यांना ताठ बसवलं; तरी कानाची पाळी हलत होती. कंपासपेटीतली पट्टी छातीच्या हाडावरच्या उंचवट्यापासून उभी धरली: 12 सेंटिमीटर. एरवी तिथून 3-4 च्या वर जात नाही. "ट्रायकस्पिड गळून राहिली," तुम्ही म्हणालात; ट्रायकस्पिड म्हणजे हीच झडप. ठोकेही वेडेवाकडे, वरचा कप्पा नीट आकसतच नव्हता, तर ए लाट येणार कुठून? जिल्ह्याला ईसीजी, इको झाले. एट्रियल फिब्रिलेशन (वरच्या कप्प्यांचे बेताल ठोके), डावीकडची मायट्रल झडप आवळलेली, ट्रायकस्पिड गळकी.

चहा पिताना जेम्स मॅकेन्झींचं सांगितलंत. इंग्लंडमधल्या बर्नलीचे साधे फॅमिली डॉक्टर. ए, सी, व्ही ही नावं त्यांचीच. सी लाट त्यांना शेजारच्या धमनीचा धक्का वाटली होती. ती मुख्यतः झडप वर फुगल्याची, हे पुढे कळलं. "बर्नली कापसाच्या गिरण्यांचं गाव होतं, आपल्यासारखं कापूसवालं," हे तुम्ही इतक्या अभिमानानं म्हणालात, जणू त्यांचं शेत तुमच्या धुऱ्याला लागून होतं.

परवा माझ्या वॉर्डात नवा इंटर्न "येस मॅडम" म्हणाला. मी ॲप्रन काढला आणि रिकाम्या खाटेवर आडवी झाले. त्यानं मोबाइलचा टॉर्च थेट माझ्या डोळ्यांत मारला.

तुमची,
'येस सर'वाली