पालगडची आई, तुंबाडची आई

दापोली
आषाढ

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

तू पुण्याला गेलास आणि पॉडकास्टवर आम्ही दोघंच उरलो. दोघांचं पटेना, म्हणून तुला लिहितोय. पुढचा भाग ‘श्यामची आई’ आणि ‘तुंबाड’ या दोन सिनेमांवर एकत्र करायचा, असं मी म्हटलं. सुनंदा चिडलीच. म्हणाली, “एक हात जोडून बघायचा, दुसरा डोळे मिटून. त्यांना एका पंगतीत नको बसवूस.”

मिलिंद, मला मात्र ते एकाच पंगतीचे वाटतात. पालगड आपल्या तालुक्यातलं, तुंबाड शेजारच्या खेडमधलं, जगबुडीच्या काठावरचं. दिग्दर्शक राही बर्वेंनी सिनेमाचं नाव पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून घेतलं, गोष्ट मात्र वेगळी, आणि पेंडसे तर आपल्या मुर्डीचे. अत्र्यांचा ‘श्यामची आई’ 1953चा, ‘तुंबाड’ 2018चा. मधे पासष्ट वर्षं गेली, तरी दोन्हीकडे गोष्ट तीच: घरात दारिद्र्य आहे, आणि हाताशी आलेला मुलगा वाईट वळणाला लागू नये म्हणून आई धडपडते आहे.

श्यामची आई पायांना जपतोस तसं मनालाही जप, असं शिकवते. पोरगा पोहायला घाबरून लपला तर छडी घेऊन बाहेर काढते. ‘तुंबाड’मधल्या विनायकची आई एका सोन्याच्या मुद्रेपायी सरकारांच्या वाड्यावर स्वतः झिजते, धाकटा मुलगा गमावते, आणि उरलेल्याकडून वचन घेते की तुंबाडला पुन्हा यायचं नाही. पहिलीचं ऐकलं गेलं. दुसरीचा मुलगा मोठा होऊन परत आलाच. म्हणून मला दुसरी आई जास्त छळते. तिलाही तेवढंच कळत होतं, पण तिच्या पोराला त्या वाड्यातल्या सोन्याची ओढ लागली होती.

सुनंदा म्हणते, ‘तुंबाड’मधला तो हावरा देव हस्तर वगैरे सगळी भुताटकी. मला ती भुकेची गोष्ट वाटते. त्याला सोनं मिळालं, धान्य नाही, म्हणून तो पिठासाठी वखवखलेला. श्यामच्या घरात तर सोनंही नाही आणि धान्यही पुरत नाही, पण तिथे कुणी वखवखत नाही. हे दोन प्रसंग लागोपाठ बोललो, तर ऐकणाऱ्याला आपण काही समजावून सांगायची गरजच उरणार नाही.

आणि पाऊस! यावर मी एकटा अर्धा तास बोलू शकतो. खऱ्या पावसात चित्रण करायचं म्हणून ‘तुंबाड’वाल्यांनी अनेक पावसाळे घालवले. वाडा सासवडचा, पण भिंतींवरची ओल, शेवाळ, दिवसाढवळ्या घरात भरलेला अंधार अगदी आपला. आपण मृगाची वाट बघणारी माणसं. आपला भात त्याच्यावर. तोच पाऊस तिथे देवांचा कोप होऊन थांबतच नाही. मुंबईच्या प्रेक्षकाला त्यात वातावरण दिसत असेल, मला मात्र कुजणारी लावणी दिसते.

आता खरी गोष्ट. ‘तुंबाड’मधली शापित म्हातारी आणि विनायकचा मुलगा पांडुरंग, ही दोन्ही कामं मोहम्मद समद या एकाच मुलाने केली आहेत. शेवटी बाप सोनं पुढे करतो आणि हा नको म्हणतो. आजीने, म्हणजे विनायकच्या आईने, मागितलेलं नातवाने दिलं! मला इथे श्याम आठवला. हे मी सुनंदाला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “वनमालाबाईंवर आधी बोलू देणार असशील तर करू.” देणारच. ‘सिकंदर’ची नायिका पुढे श्यामची आई होते, याबद्दल सुनंदाइतकं जीव तोडून कोण बोलेल? आणि राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले, तेव्हा पहिलं सुवर्णपदक याच सिनेमाला मिळालं, हेही तिलाच सांगू दे.

माझं अडतंय ते बापांपाशी. श्यामचे वडील खोतांच्या घरातले, घराण्याचा मान सोडवत नाही. विनायकला वाडा सोडवत नाही. या दोघांना एकत्र ठेवणं अन्याय होईल का? तू ‘तुंबाड’ 2024मध्ये थिएटरात पुन्हा लागला तेव्हा पाहिलास, मी मात्र घरच्या लहान पडद्यावर. तेव्हा बापाचा भाग तूच उचल.

शनिवारच्या एसटीने ये. पडवीत पत्र्यावर पावसाचा आवाज फार होतो, म्हणून या वेळी माजघरात गोधड्या टांगून रेकॉर्डिंग करणार आहोत. तुझा माईक आण, आमचा खरखरतो. आई विचारत होती, घावणे करू का म्हणून. मी हो म्हटलंय.

तुझा,
सुधीर