तेराव्यानंतरचे वर्ष

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये पतीनिधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवण्यास सांगितले. या ठरावाचे मोल मोठे आहे. मात्र बाईची खरी फरफट तेरावे उरकून पाहुणे पांगल्यावर सुरू होते आणि त्या काळाबद्दल आपली गावे अजून काही ठरवत नाहीत.

वारसाने मिळालेल्या जमिनीची खबर तीन महिन्यांत तलाठ्याकडे द्यावयाची असते. नेमके त्याच दिवसांत तिने उंबरठा ओलांडू नये, असा घरच्यांचा आग्रह असतो. कार्यालयात दीर बोलतो आणि ती झेरॉक्सची पिशवी धरून मागे उभी राहते. दीर लबाडच असतो असे नव्हे, परंतु वारसनोंदीत कोणाकोणाची नावे लागली, हे तिला कोणी वाचून दाखवत नाही. पतीच्या पासबुकात वर्षाकाठी ४३६ रुपयांची कपात दिसत असेल, तर ती बहुधा जीवनज्योती विम्याची असते आणि त्यापोटी वारसाला २ लाख रुपये मिळू शकतात, हेही अनेकींना माहीत नसते.

म्हणून माझी सूचना अशी की, ग्रामसभेने अशा प्रत्येक घरासाठी बचत गटातील दोन महिला वर्षभराकरिता नेमाव्यात. त्यांपैकी एक शक्यतो स्वतः या प्रसंगातून गेलेली असावी. पासबुके तपासणे, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरून घेणे, तहसीलमध्ये सोबत जाणे आणि संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला तिला आवर्जून बोलावणे (हे शेवटचे काम सर्वांत अवघड ठरेल, असा माझा कयास आहे) एवढे त्यांनी करावे. भाऊबंदकीच्या वादात मात्र त्यांनी मध्यस्थी करू नये. तालुका विधी सेवा समितीकडे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तिथपर्यंत तिला नेऊन पोहोचवले तरी पुरे.

ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहेच. हा विषय त्या सभेतूनच ग्रामसभेच्या पटलावर यावा.

आपली,
एक वाचक, जयसिंगपूर