आग्वादच्या जुन्या दीपगृहाला सिमेंट लावू नका

मा. केंद्रीय संस्कृती मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

गोव्यातल्या आग्वाद किल्ल्याचा वरचा भाग भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, म्हणजे आपल्याच खात्याकडे आहे. तिथला चार मजली गोल मनोरा १८६४चा. शेजारी नवे दीपगृह आले आणि १९७६ मध्ये जुना दिवा विझला. पर्यटकांना सर्रास सांगितले जाते की हे आशियातले सर्वांत जुने दीपगृह. ते खरे नाही. मद्रास उच्च न्यायालयाच्या आवारातला दगडी दीपस्तंभ १८४४चा आहे, ओडिशातले फॉल्स पॉइंट १८३८चे. दुसरी गंमत अशी की याच मनोऱ्याच्या दोन झोतांमधला वेळ सात मिनिटांवरून तीस सेकंदांवर १८३४ मध्ये आणले, असेही छापले जाते; मनोरा बांधण्याच्या तीस वर्षे आधी! जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टिन मठाची मोठी घंटा मात्र १८४१ पासून आग्वादच्या दीपगृहात होती आणि १८७१ मध्ये पणजीच्या चर्चमध्ये गेली. तेव्हा १८६४ आधीही इथे दिवा असावा, असे आम्हांला वाटते. पणजीच्या पुराभिलेखातले पोर्तुगीज कागद तपासून मगच फलक लावावा.

खरी काळजी दुरुस्तीची आहे. किल्ला जांभ्याचा. जांभा ओल पितो आणि खाऱ्या वाऱ्याचे मीठ आत साठते. वरून सिमेंटचा गिलावा किंवा ऑइलपेंट चढवला की ओल बाहेर पडत नाही, मिठाचे स्फटिक आतल्या आत फुगतात आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा दगडाचा पापुद्रा घेऊनच सुटतो. तडे बुजवायला पुन्हा सिमेंट आणतात, म्हणजे आजार वाढतो.

म्हणून आधी सिमेंट हाताच्या छिन्नीने काढावे, ब्रेकरने नव्हे. लोणा लागलेल्या, म्हणजे मीठ वर आलेल्या, भागावर मीठ शोषायला कागदाचा ओला लगदा थापावा, वाळला की काढून किल्ल्याबाहेर टाकावा, असे दोन-तीनदा. मग गिलाव्यासाठी किमान महिनाभर पाण्याखाली मुरलेला चुना एक भाग, गोड्या पाण्यात धुतलेली वाळू तीन भाग. थर १० ते १२ मिलिमीटरच, त्यावर ओले गोणपाट. शेवटी रंग नको, चुन्याच्या पातळ सफेदीचे चार-पाच हात पुरेत. भिंतीत रुतलेले लोखंड गंजून फुगते आणि चिरा फोडते, तेही काढावे.

हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच नीट होते. निविदा जानेवारीत निघाली की बिल मार्चअखेर निघावे म्हणून थर वाळायच्या आत दुसरा चढतो. यंदा निविदा ऑगस्टमध्ये काढा, आणि 'सिमेंट वापरल्यास देयक नाही' हे कलम तीत घाला.

आपले,
चुनाकाम करणारे कारागीर व वास्तुजतन अभ्यासक